बुवा अडखळले की

कीर्तनात बुवा अडखळले की गजर उचलायचा, हा आमच्या मागच्या ओळीचा नेम. बुवा म्हणजे माझे यजमान, हिम्मतराव. पुढे ते उभे, मागे पेटी, तबला आणि झांज. झांज माझी. एकतीस वर्षं माझीच. बुवांना ठसका लागला, एखादा चरण आठवेना झाला, की श्रोत्यांच्या ध्यानात यायच्या आत मी झांजेवर ठेका धरून "जय जय रामकृष्ण हरी" उचलायचे. सगळा हॉल टाळ्या धरायचा. तेवढ्यात बुवा घोटभर पाणी प्यायचे, चरण आठवायचा, हात वर करून गजर थांबवायचे आणि पुढे चालू. लोकांना वाटायचं, बुवांना भक्तीचं भरतं आलं. घरी आल्यावर ते म्हणायचे, "चतुरा, माझी निम्मी कीर्ती तुझ्या झांजेची. मी विसरतो आणि लोक डोळे पुसतात."

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या झांजेनंच केलं.

यजमानांची नोकरी वीज खात्यात, कारकुनाची. घराणं उदगीरकडचं, शेतीचं. आजोबांच्या काळात हे सगळं निजामाचं एकच राज्य होतं, त्यामुळे हैदराबादला येणं म्हणजे परमुलखात येणं नव्हे. कीर्तन हौसेचं. गळा गोड होता, पण माणसं गळ्यासाठी येत नसत. नारायणगुड्याच्या मंडळात काय, मलकपेठेच्या राममंदिरात काय, यायची ती मधल्या बोलण्यासाठी. अभंग गाऊन झाला की निरूपण, म्हणजे त्याचा अर्थ उलगडून सांगणं. तिथे बुवा खरे बुवा.

"नैवेद्याला पडदा का धरतात?" ते विचारायचे, आणि थांबायचे. असे थांबायचे, की पंख्याची घरघर ऐकू यावी. "देवाला लाज वाटते म्हणून? नाही हो. आपण किती कमी वाढलंय ते शेजारणीला दिसू नये म्हणून!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसता हसताच गप्प व्हायच्या, कारण पुढच्या वाक्याला बुवा ताटावरून थेट त्यांच्या मनापाशी आलेले असायचे. माझ्याही. मी मागे बसून किती वेळा रडले असेन, त्याची मोजदाद नाही. कीर्तन ऐकलं की माझं आतलं सगळं धुऊन निघतं. आजही निघतं. माझं पाप तिथंच आहे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात दाढी करता करता त्यांच्या हातातून रेझर पडला. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. नुसतं उघडलं. दवाखान्यात नऊ दिवस काढले. पाय सावरला, उजवा हात मात्र लोंबता राहिला, आणि बोलणं गेलं.

अर्धांगाचा झटका होता; बोलणं गेलं त्याला डॉक्टरांनी नाव सांगितलं, अप्रॅक्सिया. आमच्या मुलानं, गौतमनं, ते फोनमध्ये टिपून घेतलं आणि दोन आठवडे हुडकून एक बाई शोधून काढली. त्रिवेणी तिचं नाव. नारायणगुड्यात एका चष्म्याच्या दुकानावर तिची खोली. वाचा शिकवणारे बाकीचे सगळे तेलुगू नाही तर इंग्रजीत शिकवायचे. हिच्या घरी मराठी होती. आजोबा बिदरचे. "बोलते मी, काकू, पण वाचायला नक्को सांगा. वाचायला माझी तेलुगूच बरी," पहिल्याच दिवशी हसून म्हणाली. अठ्ठावीस-तीसची असेल. भिंतीवर मोठा आरसा, समोर दोन खुर्च्या. एवढंच सामान.

"काकांची अक्कल जागेवर आहे," तिनं मला समजावलं. "शब्द पण जागेवर हैत. जिभेला, ओठाला हुकूम जातो ना, तो रस्त्यात गडबडतो. म्हणून आज एक निघतो, उद्या दुसराच निघतो. त्यांना येडं समजू नका, आणि मोठ्यानं बोलू नका. कान चांगले हैत त्यांचे."

मग आरशासमोर दोघं बसायची. ती त्यांच्या हनुवटीला बोट लावायची, ओठ मिटवायची, सोडवायची. प, ब, म. डाव्या हातानं मांडीवर थाप, एका थापेला एक अक्षर. पा, णी. रोज तास, आठवड्यातून पाच दिवस. ज्या तोंडातून दीड-दीड तास गंगा वाहिली, त्या तोंडाला "पाणी" म्हणायला अकरा दिवस लागले. तेही दुसऱ्या दिवशी "माणी" झालं, तिसऱ्या दिवशी "पापी".

"पापी कुणाला म्हणले, काका? मला का काकूंना?" त्रिवेणीनं विचारलं.

त्यांनी डावं बोट सरळ माझ्याकडे रोखलं आणि इतके हसले, की खालून चष्म्यावाला बघायला आला. हसणं मात्र पूर्वीचंच होतं, कुठे तुटलेलं नव्हतं.

पाटी आणून दिली होती. डाव्या हातानं त्यांनी एकदा नाव लिहायला घेतलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. निरूपणाच्या बावीस वह्या कपाटात आहेत. पाटीवरचं ते वाकडंतिकडं "हि" त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि पाटी पलंगाखाली सरकवून दिली. पुन्हा काढू दिली नाही.

त्रिवेणीनं मला एकच नियम घालून दिला होता. "ते बोलायला लागले की तुम्ही मनात दहा मोजायचे. वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. कळलं तरी कळलं नाही असं बसायचं."

"अगं, पण जीव तुटतो."

"तुटू द्या. तुमचा तुटेल, त्यांचा सुटेल."

महिन्याभरानं तिनं दहा वाक्यांची यादी केली. जी त्यांना सगळ्यात जास्त हवीत ती. ती विचारायची, ते मान हलवायचे. चहा नको. पाय दुखतो. गौतम कुठे आहे. नऊ झाली. दहावं ते सांगेनात. शेवटी त्यांनी माझ्या पिशवीकडे हात केला. त्यात त्यांची एक वही मी नेहमी ठेवायचे, धीर म्हणून. वही छातीशी धरली, मग स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं, मग आरशाकडे, जणू समोर चारशे माणसं बसलीत.

"मला बोलायचं आहे," त्रिवेणी हळूच म्हणाली. "हे?"

त्यांनी मान हलवली आणि ती हलतच राहिली. डोळे भरले होते. ते दहावं वाक्य. बाकीची नऊ घरापुरती होती, हे त्यांचं.

माघात अंबाजी भेटायला आले. आमच्या मंडळाचे चिटणीस, मनानं चांगले, पण कुठेही गेले तरी सभा भरवणारे. सोबत पेटीवाले आणि आणखी तिघं. "बुवांच्या कानावर चार नावं घालू, वहिनी," म्हणाले आणि भजन सुरू केलं. दुसऱ्या चरणाला आणखी एक आवाज मिसळला. मी वळून पाहिलं. यजमान गात होते. "पाणी" म्हणायला ज्यांना घाम फुटायचा ते अख्खा अभंग, एक अक्षर न गाळता, स्वच्छ गात होते! पेटीवाल्यांची बोटं थांबली. गौतमनं फोन काढून चित्रण सुरू केलं. अंबाजी बुवांच्या पायावर पडले. मी देवापुढे गेले आणि उभ्या उभ्याच कोसळले. म्हटलं, पावलास.

अभंग संपला. "अहो, बोला ना काही," मी म्हटलं. त्यांनी तोंड उघडलं. प... म... ओठ धडपडले, आणि मिटले. ते मी पाहिलं. पाहिलं, आणि पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्रिवेणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "हौ, येतंच की. बऱ्याच जणांना येतं. गाणं, आरती, शिव्या पण येतात."

शिव्या! माझ्या अंगाची आग झाली.

"काकू, रागवू नका. खालचा रस्ता फुटलाय. गाणं वरच्या फ्लायओव्हरनं चाललंय. पण फ्लायओव्हरवर घर नसतं ना? घरी जायला खाली उतरावंच लागतं. तो रस्ता आपण बांधतोय. त्याला गाण्याची मदत घेऊ, पण बांधणं आत्ता थांबवलं तर नंतर लई कठीण जातं."

"तू कधी कीर्तनाला बसलीस का गं?" मी विचारलं. "ज्यानं गळा दिला तो जीभ देणार नाही? त्याला तुझा आरसा लागतो?"

तिनं यजमानांकडे पाहिलं. ते आमच्या दोघींच्या मध्ये बसले होते. त्यांचा डावा हात मांडीवर पडला. एक थाप. "म..." दुसरी थाप. "म... ला..."

मी दहा मोजले नाहीत. "चला, उशीर होतोय," म्हटलं आणि त्यांची काठी त्यांच्या हातात दिली.

त्या दिवसापासून शिकवणी बंद. गौतमनं विचारलं, "आई, एकदम बंद? डॉक्टरांना तरी विचारू."

"तू त्यांना गाताना पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग?"

त्यानं फोन खिशात घातला. उत्तर त्याच्याकडे होतं, पण आमच्या घरात देवाचं नाव निघालं की माझ्यापुढे कुणी जात नाही.

ते चित्रण महिन्याभरात कुठल्या कुठे पोचलं. लोकांचे फोन यायला लागले. तोड काढली अंबाजींनी: अभंग बुवा गातील, निरूपण सारंग करील. सारंग अंबाजींचा भाचा, बँकेत नोकरीला, नव्यानं कीर्तन शिकणारा, पोरगा गुणी. निरूपण कुठून आणायचं? मीच कपाट उघडलं. मीच बावीस वह्या काढून दिल्या.

पहिल्या कीर्तनात सारंगनं वहीतलं म्हटलं, "नैवेद्याला पडदा का धरतात? देवाला लाज वाटते म्हणून? नाही हो, आपण किती कमी वाढलंय ते शेजारणीला दिसू नये म्हणून." मध्ये थांबलाच नाही. वहीत थांबणं लिहिलेलं नव्हतं. तरी लोक हसले. यजमान काठी टेकून बाजूला उभे होते, गळ्यात हार, कपाळाला बुक्का. स्वतःचा विनोद दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ज्या जागी थांबायचं, बरोबर त्या जागी ओठ थांबले.

मला दिसलं ते. पण पुढच्याच क्षणी त्यांनी सूर लावला आणि माझं सगळं धुऊन निघालं. पहिल्यापेक्षा जास्तच. एकदा हरवून सापडलेलं होतं ना.

प्रत्येक ठिकाणी अंबाजी आधी सांगायचे, "देवानं बुवांची वाचा परत दिली!" माणसं रांगेनं पाया पडायची. एक बाई मुक्या नातवाला घेऊन आली आणि त्याचं डोकं यजमानांच्या पायावर ठेवलं. यजमानांनी पाय मागे ओढले. पोराला डाव्या हातानं उठवलं, समोर उभं केलं, त्याच्या हनुवटीला बोट लावलं आणि ओठ मिटून सोडून दाखवले. प. प. बाईला वाटलं, बुवा आशीर्वाद देतायत.

घरी आले की ते खिडकीपाशी बसत. मी विचारलं, चहा? तर मान. जेवण? तर मान. आता "पाणी"सुद्धा येत नव्हतं. मांडीवरच्या थापा मात्र कधी कधी ऐकू यायच्या, मी स्वयंपाकघरात असताना. मी आत आले की थांबायच्या.

रामनवमीला मलकपेठेत मोठं कीर्तन ठरलं. चारशे माणसं. पूर्वरंग रंगला. कीर्तनाच्या दोन भागांच्या मध्ये बुवांना हार घालतात. तो घालायला माणसं येत होती, पेटीवर सूर धरून ठेवला होता. यजमान शेवटच्या रांगेकडे बघत होते. मी त्यांची नजर धरून पाहिलं. खांबापाशी खुर्चीत त्रिवेणी बसली होती, एकटी, पर्स मांडीवर घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं तिला. निदान मी नव्हतं बोलावलं.

अंबाजींनी हार घातला आणि माइकवर म्हणाले, "आता बुवा पुन्हा आपल्या मधुर कंठानं..."

यजमानांनी काठी सोडून दिली आणि त्यांच्या हातातला माइक घेतला. काठी खाली पडली. माइक स्टँडच्या बेचक्यात अडकवून डावा हात मोकळा केला आणि मांडीवर थाप मारली.

"न... को."

स्पष्ट. खांबापर्यंत गेलं. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. गाणं नव्हतं ते, बोलणं होतं. पाच महिन्यांत लोकांसमोर पहिलं, त्यांचं स्वतःचं.

दुसरी थाप. "म... मला..."

ओठ जुळेनात. गालाची शीर उडत होती, मान वाकडी होत होती, कपाळावरचा बुक्का घामानं ओघळत होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी आईच्या कुशीत शिरली. कुणीतरी "च्च" केलं. सारंगनं मान खाली घातली. "ब..." यजमान म्हणाले. "ब... बो..."

मला ते वाक्य ठाऊक होतं. त्या हॉलमध्ये तीनच माणसांना ठाऊक होतं. त्रिवेणी उभी राहिली होती आणि तिचे ओठ हलत होते. बोलत नव्हती ती. मोजत होती.

बुवा अडखळले. माझे हात उठले.

झांज वाजली. "जय जय रामकृष्ण हरी," मी उचललं. माझ्या आवाजात चारशे आवाज मिसळले, टाळ्या सुरू झाल्या, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "बो"वर उघडलेलं तोंड तसंच होतं. मग ते ओठ हलायला लागले. आधी नुसते, मग आवाजासकट. जय जय रामकृष्ण हरी. ते गात होते. त्यांना गायचं नव्हतं, आणि ते गात होते. तोंड आपलं आपण ओळखीच्या वाटेनं निघालं होतं आणि त्यांचे डोळे मागे राहिले होते, माझ्यावर.

हात वर करून गजर थांबवायचा मान बुवांचा. त्यांनी हात वर केला नाही. गजर किती वेळ चालला, कोण जाणे. लोक म्हणाले, असा रंग कधी भरला नव्हता.

त्यांची फजिती होऊ नये म्हणून केलं, असं मी गौतमला सांगितलं. स्वतःलाही आठ दिवस तेच सांगितलं. मग नारायणगुड्याला गेले, एकटी. जिना चढून त्रिवेणीपुढे बसले आणि म्हटलं, "पुन्हा सुरू कर, बाई. मी चुकले."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "काकांना आणा," एवढंच म्हणाली. "पण काकू, त्या दिवशी तुम्ही सहापर्यंत तरी मोजले होते का?"

आणलं त्यांना. दुकानासमोर गाडीतून उतरलेच नाहीत. त्रिवेणी खाली आली, काचेपाशी वाकली, "काका" म्हणाली. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, मुलीला निरोप देताना ठेवतात तसा, आणि गौतमला गाडी चालू करायची खूण केली.

परवा संध्याकाळी अंबाजींचा फोन आला. कुकटपल्लीच्या एका सोसायटीत अक्षय्य तृतीयेला कीर्तन ठरवत होते. "बुवांना घेऊन यायचं, वहिनी, नाही म्हणायचं नाही."

"थांबा," मी म्हटलं. "त्यांनाच विचारते."

फोनचा स्पीकर चालू केला आणि त्यांच्यासमोर धरला. "अहो, अंबाजी कीर्तनाचं विचारतायत. तुम्हीच सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच विचारतेय का, असं. मग हातातला चहाचा कप खाली ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा डावा हात मांडीवर आला. जीभ वर गेली, दातांच्या मागे टेकली. मला ती जागा ओळखू येते. आरशात शंभर वेळा पाहिलीय. न.

मी मोजायला लागले. एक. दोन.

"हॅलो? वहिनी?"

तीन. चार. त्यांच्या नाकातून बारीक आवाज यायला लागला. हनुवटी थरथरत होती. येत होतं. खरंच येत होतं.

"हॅलो! आवाज येईना हो. लाइन कटली का काय?"

पाच. सहा. मानेची शीर फुगली. सात.

"अंबाजी," मी म्हटलं, "ते नको म्हणतायत. आता कीर्तन नाही."

अंबाजी काही तरी पुटपुटले, मी फोन बंद केला. हलकं वाटलं. एवढं तरी त्यांच्यासाठी केलं, असं वाटून मी त्यांच्याकडे वळले.

जीभ अजून दातांच्या मागेच टेकलेली होती. हळूहळू ती खाली आली. मग त्यांनी डावा हात उचलला, दोन बोटांनी स्वतःचे ओठ चिमटीत धरून मिटवले आणि तसेच धरून ठेवले.

आठ, नऊ, दहा. एवढंच राहिलं होतं.